अप्पांचा रांजण

अप्पांच्या टेबलासमोर एक खुर्ची होती आणि तिच्यावर कुणालाही बसता येत नसे. खुर्चीवर बारा महिने लाल फडक्यात बांधलेला एक बस्ता असायचा, चांगला पोत्याएवढा. भेटायला आलेला माणूस आधी खुर्चीकडं बघायचा, मग बस्त्याकडं, मग अप्पांकडं. अप्पा मान वर करत नसत. उभा माणूस पाच मिनिटांत कामाचं बोलतो आणि बसलेला माणूस नातीगोती काढतो, असं त्यांचं मत होतं. बस्त्यात काय आहे ते मी एकदा अप्पा जेवायला गेल्यावर उघडून पाहिलं. निजामाच्या अमदानीतले उर्दू कागद, कसर लागलेले, कुणाच्याच कामाचे नसलेले.

हा बस्ता स्वतः उचलून अप्पांनी कुणाला 'बसा' म्हटलेलं मी एकदाच पाहिलं. बसणारा मी होतो. सांगायचं आहे ते त्याच बसण्याबद्दल, पण ते एकदम तोंडातून निघत नाही. आधी माणूस तरी ओळखीचा होऊ द्या.

जिल्हा तेव्हा नवा होता. लातूर जिल्ह्याचं गाव झालं म्हणून लोकांनी गुलाल उधळला आणि मग खात्यांची माणसं कार्यालयांसाठी जागा शोधत हिंडली. आमच्या खात्याला एक जुनं आडतीचं गोदाम भाड्यानं मिळालं होतं. भिंतींना तुरीच्या भुश्याचा वास, वर पत्रे आणि पत्र्याखाली चिमण्या. खातं कोणतं ते सांगत नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत आणि त्यांच्या घरच्या लग्नाला मी जातो. अप्पा त्या खात्यात आस्थापनेचे अव्वल कारकून होते. माणसं घेणं, बदलणं, निवृत्त करणं, सगळे कागद त्यांच्या हाताखालून जात.

ते मूळचे उदगीरचे, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरचे. भाऊ आडत चालवत होते. ह्यांनीच घरातून उठून मुलाजमत धरली. नोकरीला मुलाजमत हा त्यांचाच शब्द. शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळं अर्ज म्हणायचा तर 'दरखास्त' म्हणत आणि वशिल्याला 'सिफारस'. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात शिवदोरा, डोक्यावर काळी टोपी. आकडे मोजायचे ते मात्र कानडीत, ओठातल्या ओठात. वंदू, यरडू, मूरू. उदगीरला अर्धं गाव कानडी समजतं, आमच्या कार्यालयात कुणाला समजत नव्हतं. मोजताना मधेच कुणी आकडा चोरू नये म्हणून ते कानडीत मोजतात, असं आम्ही पोरं म्हणायचो.

शिपायालासुद्धा ते 'तुम्ही' म्हणत. आणि भरतीची फाइल टेबलावर आली की ती निकाली निघेपर्यंत कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. ही त्यांची खोड सगळ्या गावाला पाठ होती. लग्नाला बोलावलं तर जात, मांडवाच्या बाहेर उभे राहून अक्षता टाकत आणि परत येत. स्वतःचं पाणी फिरकीच्या तांब्यात बरोबर असायचं. एकदा एका उमेदवाराचा बाप माहूरला जाऊन आला आणि देवीचा तांबूल घेऊन आला. आता देवीच्या प्रसादाला नाही कसं म्हणणार? अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावला, कागदात बांधला, वर तारीख लिहिली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. फाइल निकाली निघायला साडेतीन महिने लागले. मग त्यांनी पुडी काढली. तांबूल वाळून तपकिरीसारखा झाला होता. तो त्यांनी सगळ्यांना चिमूट चिमूट वाटला आणि पहिली चिमूट त्या बापाला पाठवली. त्याचा मुलगा नापास झाला होता.

मी त्याच भरतीत लागलो. चौदा जागा होत्या आणि परीक्षा अप्पांनी घेतली. त्यांनी उत्तरपत्रिकांत जिथं जिथं नाव, गाव, सही होती तिथं तिथं ती कागदाच्या पट्टीनं झाकली होती. पट्ट्या स्वतः कातरल्या, खळ स्वतः शिजवली. खळीत मोरचूद घातला होता, नाहीतर उंदीर पट्ट्या खातील. नाव झाकायचं कशासाठी, असं एका साहेबानं विचारलं तेव्हा म्हणाले, नाव वाचलं की गाव दिसतं, गाव दिसलं की पावणा दिसतो, मग पेपर कुठला दिसतोय.

मराठीच्या पेपरात एकच मोठा प्रश्न होता. तुमच्या गावात प्यायचं पाणी संपलं आहे, टँकर मिळावा म्हणून अर्ज लिहा. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आम्हाला काही कल्पना लढवावी लागली नाही. आमचं गाव अहमदपूरच्या बाजूला, पार नांदेडच्या शिवेला. विहिरीत पोरं दोर लावून उतरत आणि वाटीनं पाणी भरत. मी तेच लिहिलं. निकाल लागला, पट्ट्या निघाल्या, मी तिसरा आलो होतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी तिसरा काय, शंभरावासुद्धा आला नव्हता.

पुढची गंमत मला रुजू झाल्यावर कळली. अप्पांनी त्या उत्तरपत्रिकांतले सगळे अर्ज काढून आवक नोंदवहीत चढवले होते. परीक्षेतला असला तरी अर्ज तो अर्ज, त्यावर सही आहे, गावाचं नाव आहे, पाणी नाही हे खरं आहे, मग आवक क्रमांक का द्यायचा नाही? साहेब हसले, पण त्यांनी ते टंचाई शाखेकडं धाडले. आमच्या गावात चौथ्या आठवड्यात टँकर आला. आईनं मला गावच्या वेशीवर ओवाळलं. तुझ्या कागदानं पाणी आलं म्हणाली. त्या दिवशी मला अप्पांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं होतं. पण त्यांना पाया पडणं आवडत नसे. ते पाय टेबलाखाली ओढून घेत.

त्याच निकालात पंधरावा होता त्यांचा सख्खा पुतण्या. जागा चौदा. थोरला भाऊ उदगीरहून आला, खुर्चीसमोर उभा राहिला. सख्ख्या भावासाठीही बस्ता हलला नाही. एकाच जागेचा प्रश्न आहे, तुझ्या हातात आहे, असं भाऊ म्हणाला. अप्पांनी यादी त्याच्यापुढं सरकवली आणि सांगितलं, चौदाव्या नावावर बोट ठेव आणि ह्याला काढ म्हणून तुझ्या तोंडानं म्हण, मी काढतो. भावानं बोट ठेवलं नाही. यादीही परत सरकवली नाही, तशीच टाकून गेला. त्यानंतर त्या घरानं अप्पांना ना पोळ्याला बोलावलं ना लग्नाला. भावांच्या मळ्यातल्या विहिरीला त्या दुष्काळातही पाणी होतं आणि लातूरला राहणारे नातेवाईक तिथून आडतीच्या ट्रकमधून पिंपं आणत. अप्पा मात्र सार्वजनिक नळावर घागर घेऊन बायकांच्या रांगेत उभे राहात. अव्वल कारकून, काळी टोपी, हातात घागर. बायका आधी हसायच्या, पुढं त्यांची पाळी धरून ठेवायला लागल्या.

हे सगळं ऐकून अप्पा कुणी साधुसंत होते असं वाटेल. तसं काही नव्हतं. ते भयंकर त्रासदायक होते. एखाद्या पत्रात समास सुटला नाही तर पुन्हा लिहायला लावत. रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं तर घरात नक्की काय झालं ते विचारत आणि सांगितलं की टिपून ठेवत. मारोतीमामा शिपाई तर म्हणायचे, अप्पा सोरगात गेले तर तिथं चित्रगुप्ताची वही तपासतील. आम्ही परीक्षेनं आलेले चौदाजण त्यांना त्यांची कमाई वाटत होतो, एवढं मात्र खरं. ते कधी बोलले नाहीत, पण आमच्यातला कुणी चुकला तर त्यांचा चेहरा पडायचा आणि दुसरा कुणी चुकला तर फक्त शाई बदलायची.

दुष्काळाचं तिसरं वर्ष लागलं तेव्हा टंचाईची तात्पुरती पदं निघाली. हजेरी लिहायला, टँकरचे कागद बघायला माणसं हवी होती. पदं जवळजवळ आमच्या कर्मचाऱ्यांच्या संख्येएवढीच होती. आमच्या संघटनेच्या अध्यक्षांनी साहेबांकडं मागणी केली की बाहेरची माणसं कशाला, माणशी एक नाव घ्या. प्रत्येक कर्मचारी आपल्या घरचं एक नाव देईल, भानगड मिटली. अप्पांनी लगेच उलट टिपण लिहिलं की परीक्षा घ्यावी, नावं झाकावीत, गुणानं घ्यावीत. साहेब परमुलखातले, नवे, कुणाशी वाकडं नको होतं. त्यांनी दोन्ही कागद बाजूला सारले आणि म्हणाले, तुम्हीच ठरवा. मतदान घ्या, बहुमत जिकडं जाईल तसं मी करतो. मतमोजणी ह्या अप्पांनीच करावी, त्यांच्यावर कुणाचा संशय नाही.

अप्पांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदानं. सोळा वर्षं ते ज्याच्यासाठी भांडत होते ते आता माणसांच्या मतानं होणार होतं. ते हिशेब मांडत होते. गुणानं आलेले चौदा तर आहेतच. उरलेल्यांतले सहा जुने, इमानाचे. झालं, बहुमत.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होता. मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा आपटला. मी घरी गेलो की तो हात पाठीमागं धरून बसायचा, तळवे दिसू नयेत म्हणून. आईला कुणीतरी माणशी एक नावाची बातमी सांगितली होती. ती दुसरं काही बोललीच नाही. चुलीपुढं बसून एवढंच म्हणाली, "तू लागलास बाबा. आता ह्याला लाव." मी म्हटलं, परीक्षा झाली तर बसेल की तोही. आईनं माझ्याकडं बघितलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो पास होणार नाही हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

मतदानाच्या दोन दिवस आधी अप्पांनी मला बोलावलं. मी जाऊन उभा राहिलो. ते उठले, वाकले, दोन्ही हातांनी बस्ता उचलला आणि भिंतीला लावून ठेवला. खुर्ची फडक्यानं पुसली. "बसा," म्हणाले. सगळं कार्यालय बघत होतं. मी बसलो. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचं मला विचारायचं न्हाई. पन बाकीच्या तेरा जनांस्नी तुम्ही सांगाल का? माझं ऐकून राहिले न्हाईत ते."

मी म्हणालो, अप्पा, हे काय सांगायला हवं? माझं हे वाक्य मी आजही तपासून बघतो. त्यात खोटं असं काहीच नाही आणि खरंही काही नाही.

सभा गोदामातच झाली. अध्यक्ष बोलायला तयार गडी, पान खाऊन गोड बोलायचे. ते म्हणाले, गुण चांगलेच असतात, त्याबद्दल वाद नाही, पण हे वरीस गुणाचं आहे का? ह्या वर्षी माणसानं आपल्या घरात नाही बघायचं तर कधी बघायचं? अप्पा उठले. त्यांना भाषण येत नव्हतं. टोपी काढून हातात घेतली.

"गावात पानी न्हाई तवा आपन हिरीवर पाळी लावतो का न्हाई? कुनी पाळी मोडून घागर म्होरं सारली तर आपन त्याला काय म्हनतो?"

अध्यक्ष बसल्या जागेवरून म्हणाले, "अप्पा, घागर आपल्या आईची असली तर?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. अप्पांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग खाली बसले.

मतदान कसं घ्यायचं ह्यावर अप्पांनी एक रात्र घालवली होती. चिठ्ठ्या त्यांना नको होत्या. सगळ्यांचं अक्षर त्यांना ओळखू येत होतं, नुसती फुली मारली तरी कुणाचा हात तो कळायचा. आपल्याला कळता कामा नये, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी दाणे काढले. अभिलेखांच्या खोलीत दोन वाट्या ठेवल्या. एकीत जोंधळा, एकीत हरभरा. परीक्षेच्या बाजूचा असेल त्यानं जोंधळ्याचा एक दाणा घ्यायचा, माणशी एक नावाच्या बाजूचा असेल त्यानं हरभऱ्याचा. आणि टाकायचा पाण्याच्या रांजणात. कार्यालयाचा तो मोठा मातीचा रांजण महिनाभर कोरडा पडला होता, एरवी त्याचा उपयोग नव्हता. एकेकानं आत जायचं, दार लोटायचं, दाणा टाकायचा आणि बाहेर यायचं. दाराबाहेर स्टुलावर अप्पा, त्यांच्या शेजारी नावं पुकारायला मारोतीमामा, बाकीची रांग गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला. मोजणी आपल्याकडं म्हणून अप्पांनी स्वतःचं मत टाकलं नाही. मोजणाऱ्यानं मत टाकू नये, असा त्यांचा स्वतःच काढलेला नियम.

रांगेत आधी आम्ही, परीक्षेनं आलेले, आणि तेही गुणांच्या क्रमानं. हीसुद्धा अप्पांचीच हौस. त्यांना वाटलं असणार, सुरुवात चांगली होईल. पहिला गेला, आला. दुसरा गेला, आला. तिसरा मी.

खोलीत कागदांचा कुबट वास होता. मी दोन्ही वाट्यांपुढं उभा राहिलो. जोंधळ्याचा एक दाणा उचललासुद्धा. मग मला भावाचे पाठीमागं धरलेले हात आठवले. मी मनाशी म्हटलं, माझ्या एकट्याच्या मतानं काय होणार आहे, बाकीचे तेरा टाकतीलच जोंधळा. मी दाणा वाटीत परत टाकला, हरभरा घेतला आणि रांजणात सोडला. रिकामा रांजण तळापासून टणकन वाजला. मी दाराकडं बघितलं. मग म्हटलं, आपल्यालाच मोठं वाटलं असेल.

बाहेर आलो तेव्हा अप्पा समोरच्या भिंतीकडं बघत होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी चार पावलं पुढं गेलो असेन, तेवढ्यात ते स्टुलावरून उठले, मारोतीमामांना काहीतरी म्हणाले आणि आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. त्या लिंबाला त्या वर्षी पानं कुठली, नुसता खराटा. ऐन दुपारचं ऊन अंगावर घेत ते मतदान संपेपर्यंत तिथं उभे होते. मला वाटलं, ताण आला असेल म्हाताऱ्याला.

मोजणी सगळ्यांसमोर झाली. चौघांनी रांजण उचलून चादरीवर पालथा केला. अप्पा मांडी घालून बसले आणि आधी जोंधळे वेचायला लागले. "वंदू," ते म्हणाले. आम्हाला कानडी येत नव्हतं, पण पुढचा आकडा येत नाही हे सगळ्यांना कळलं. त्यांनी बोटानं हरभरे इकडं तिकडं सारले. चादरीची घडी उलगडून पाहिली. रांजणात हात घालून चाचपलं. मग तो एकच दाणा तळहातावर घेतला. अध्यक्षांनी खाकरल्यावर त्यांनी मराठीत सांगितलं, "परीक्षेच्या बाजूनं एक."

हरभरे त्यांनी नियमाप्रमाणं सगळे मोजले, कानडीत, एकही न चुकता.

भाऊ लागला. आई त्या रात्री जेवताना रडली. भावाचे हात दोन महिन्यांत बरे झाले. तो टंचाईच्या टेबलावर बसायचा, टँकरचे कागद लिहायचा. उन्हाळ्यात त्यानं एका गावाच्या बुद्रुकऐवजी खुर्द लिहिलं. टँकर नऊ दिवस खुर्दला जात राहिला. खुर्दला विहीर होती, बुद्रुकला थेंब नव्हता. दहाव्या दिवशी बुद्रुकच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्या दारात बसल्या. त्यातल्या एकीच्या कडेवर पोर होतं आणि ते रडतसुद्धा नव्हतं. अप्पांनी कागद काढला, भावाचं अक्षर बघितलं, स्वतः दुरुस्त केलं आणि पुढच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः गेले. मला कुणी काही बोललं नाही. अप्पासुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

त्या मतदानानंतर त्यांनी बस्ता खुर्चीवरून काढून टाकला. कुणीही यायचं, बसायचं, पावणेरावळे काढायचं. अप्पा ऐकून घ्यायचे. लोक म्हणायला लागले, अप्पा आता माणसात आले. मला ते बघवत नसे.

वर्षभरानं ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी हार गळ्यात घालून घेतला नाही, हातात घेतला. निघताना मला दाराशी थांबवलं आणि शर्टाच्या खिशातून विभूतीची जुनी पितळी डबी काढली. आत कापसावर जोंधळ्याचा तो एक दाणा होता. म्हणाले, "हा दाना तुमच्यापाशी असू द्या." मी डबी घेतली. माझ्या मनात आलं, अरे देवा, ह्यांना वाटतंय तो मी टाकला. सांगावं का? सांगितलं तर जाता जाता ह्या माणसाचा शेवटचा आधार काढून घेतल्यासारखं होईल, असं मी स्वतःला बजावलं. मान हलवली आणि 'हाव अप्पा' म्हणालो. ते उदगीरला गेले. चार वर्षांनी वारले. मी मातीला गेलो होतो, लांब उभा राहिलो.

ती डबी मी सगळ्या बदल्यांत बरोबर नेली. निवृत्त होऊन नांदेडला घर केलं, तिथं देवघराच्या फळीवर ठेवली. फसवून घेतलेली वस्तू आहे हे मला माहीत होतं. भाऊही नोकरीत कायम झाला, गेल्या साली निवृत्त झाला. दर दिवाळीला तो पाया पडतो आणि म्हणतो, दादा, तू होतास म्हणून.

मागच्या हिवाळ्यात कळलं की मारोतीमामा आजारी आहेत. चाकूरजवळच्या खेड्यात त्यांचं घर. भेटायला गेलो. खाटेवर बसले होते, नव्वदीला टेकलेले, पण डोकं ताजं. गप्पांत अप्पा निघाले. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, मामा, त्या मतदानात तो एक जोंधळा कुणी टाकला असेल हो?

ते म्हणाले, "म्या."

मी विचारलं, तुमचा मुलगा तर मॅट्रिक होता, चांगल्या मार्कांनी. तुम्ही त्याचं नाव का नाही दिलं? मला आठवत होतं, मामांनी त्या वेळी नावच दिलं नव्हतं आणि ती जागा अध्यक्षांच्या मेव्हण्याला गेली होती.

"पोरगंच नगं म्हनलं. म्हनलं बाबा, तुमच्या नावानं लागलो तर जल्मभर शिपायाचं पोरगं ऱ्हाईन. मार्कानं लागलो तर माझं मी." मामांनी वाकळ पायावर ओढून घेतली. "मग गेलं हैदराबादला, सेंटरिंगच्या कामावर. तिकडंच ऱ्हायलं. आता तेबी म्हातारं झालंय."

मी खिशातून डबी काढली. येताना बरोबर का घेतली होती ते मला सांगता येणार नाही. उघडून त्यांच्यापुढं धरली आणि म्हटलं, मामा, हा तुमचा आहे. अप्पांची चूक झाली. त्यांना वाटलं मी टाकला, म्हणून त्यांनी मला दिला, आणि मी गप्प राहिलो.

मामांनी दाणा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मला आजवर काहीच माहीत नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"अप्पांची काई चूक झाली न्हाई, साहेब. रांजन कोरडा हुता. आत हरभरा पडला की बाहेरवर टण्ण करून वाजायचा. जोंधळा पडला तर कळतबी नव्हतं. पहिला वाजला, दुसरा वाजला. तिसरे तुम्ही गेलाव. अप्पांनी डोळे झाकून घेतले हुते. मग तुमचा वाजला." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "तवा मला म्हनले, मारोती, ह्ये ऐकायचा मला हक्क न्हाई. अन् उठून लिंबाखाली गेले. बाकीचे कुनाचे वाजले ते मला ठाव हाय. अप्पाला फकस्त तुमचे तिघांचे."

त्यांनी डबी माझ्या हातात परत ठेवली आणि बोटं मिटून दिली.

"माझा म्या टाकला, माझं झालं. ह्यो त्यांनी तुम्हाला दिलाय, तुमचा टाकायचा ऱ्हायलेला."